शेडमागची माती

चौथ्या बरणीतली गांडुळं मेली होती, आणि तीच तर जगायला हवी होती.

प्रयोग साधा होता. पहिल्या बरणीतल्या मातीत तणनाशक मिसळलेलं, दुसरीत कीटकनाशक, तिसरीत दोन्ही, आणि चौथीत काहीच नाही, नुसती स्वच्छ माती. चौथीतली गांडुळं धडधाकट राहिली तरच पहिल्या तीन बरण्यांच्या साक्षीला किंमत. सोमवारी सकाळी प्रयोग मांडणारी ती शास्त्रज्ञ प्रयोगशाळेत आली, तेव्हा पहिल्या बरणीतली गांडुळं मंदपणे का होईना, हलत होती. चौथीतली मात्र काचेवरून वर चढून झाकणाच्या कडेला येऊन मेली होती. मातीपासून जितकं लांब जाता येईल तितकं लांब ती गेली होती.

"मॅडम, शपथ घेऊन सांगते, मी त्यात काही घातलेलं नाही," तिची सहायक म्हणाली. जाड भिंगांमुळे सगळी प्रयोगशाळा तिला चष्मिस म्हणायची, आणि तीही हाकेला ओ द्यायची.

"तुला कोण काय म्हणतंय? बरणी नीट धुतली नसेल. नव्या बरण्या घे, नवी गांडुळं घे."

नव्या बरण्या आल्या. आठवड्याच्या शेवटी पुन्हा तेच. बरण्यांकडे बघत चष्मिस म्हणाली, "मॅडम, ही मातीच यंत्रात घालून बघायची का?"

तिला हसू आलं. "अगं, माझ्या माहेरची माती आहे ती."

"म्हणून काय झालं? माहेरची माणसं तरी सगळी..." चष्मिसने जीभ चावली. "तसं नाही हो, मॅडम."

गेली कित्येक वर्षं ती आपल्या संशोधनासाठी लागणारी स्वच्छ माती आईवडिलांच्या परसातूनच आणत आली होती. त्याला कारण होतं. तिचे वडील, अण्णा, फवारणीच्या औषधांच्या सरकारी गोदामाचे गोदामपाल होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरात साधं मुंग्यांचं औषधही येऊ दिलं नव्हतं. "आयुष्यभर विषं सांभाळली, आता दारात थेंबही नको," असं ते म्हणत. दर खेपेला ती पुढच्या अंगणातली माती घ्यायची. या वेळी मात्र जुनी माती पहिल्या तीन बरण्यांतच संपली आणि धाकट्या भावाने पुढे फरशी घातलेली होती, म्हणून चौथीसाठी तिने पत्र्याच्या शेडमागची माती खणली. तिथे कधी कुणी काही लावलेलं नव्हतं. ज्या मातीला कुणाचा हात लागलेला नाही ती सर्वांत चांगली, असा तिचा हिशेब.

माती सावलीत वाळवून, चाळून, द्रावणात हलवून त्यांनी तिचा अर्क यंत्रात सोडला. पडद्यावर रेघ सरळ सरकत राहिली आणि मग एकदम उभी चढली. एखादा सुळका उभा राहावा तशी. तिने यंत्र धुतलं. नुसतं द्रावण सोडलं, रेघ सपाट. पुन्हा माती, पुन्हा सुळका.

तो कशाचा आहे हे ओळखायला तिला तक्ता उघडावा लागला नाही. ती शाळेत असताना फवारणीच्या ज्या पांढऱ्या भुकटीवर बंदी आली, तीच ही. जिथे पडेल तिथे बसून राहणारी. पावसाने जात नाही, उन्हाने जात नाही. तिसऱ्या बरणीत तिने हेतुपुरस्सर जेवढं विष घातलं होतं, त्याच्या कित्येक पट विष चौथीत आपण होऊन होतं.

 अशी माती आजूबाजूच्या शेतातून उडून आलेल्या फवाऱ्याने होत नाही. अशी माती फक्त एकाच प्रकारे होते.

प्रयोगशाळेच्या प्रमुखांना सांगणं भाग होतं. राहत्या वस्तीत एवढं प्रमाण सापडलं की माती-पाणी खात्याला कळवायचं, हा नियम. तो नियम लिहिणाऱ्या समितीत ती स्वतः बसली होती. प्रमुखांनी आलेख पाहिला, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "तुमच्या घरचं आहे म्हणून मी पुढच्या आठवड्यापर्यंत थांबतो. त्यापुढे मला थांबता यायचं नाही. तुम्हालाही नाही."

"सर, मला थांबायचंच नाहीये," ती म्हणाली. म्हणताना मात्र आवाज तिचा तिलाच परका वाटला.

*

ती माहेरी पोचली तेव्हा आई परसात वाटाण्याच्या शेंगा तोडत होती आणि भावाची लेक जुन्या चमच्याने माती उकरून बाहुलीसाठी घर बांधत होती.

"ऊठ! ऊठ तिथून! हात धू आधी," ती ओरडली. पोर दचकली, मग तिने भोकाड पसरलं. आई शेंगांची टोपली कमरेवर घेऊन वळली.

"आल्या आल्या पोरीवर कशाला खेकसतेस? मातीत काम करणारी बाई तू, तुलाच मातीचं वावडं?"

 तिने पोरीला उचलून नळाखाली नेलं आणि तिची बोटं, नखं पुन्हा पुन्हा धुतली.

अण्णा पुढच्या खोलीत रेडिओ दुरुस्त करत बसले होते. गेल्या दोन वर्षांत त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटला होता. स्क्रू धरायला गेले की पेचकस भलतीकडेच जायचा. डॉक्टर म्हणाले होते वयाने आहे, आणि सगळ्यांनी ते मान्य केलं होतं. आज तिने त्या हाताकडे पाहिलं आणि नजर फिरवून घेतली.

"अण्णा, शेडच्या मागे जमिनीत काय आहे?"

"जमिनीत जमीन असते." ते हसले. वर मात्र पाहिलं नाही.

"मी तिथली माती तपासली."

"मग? आपल्या आधीचा मालक काय काय करत होता कुणास ठाऊक. त्याच्या कोंबड्या होत्या तिथे."

"कोंबड्यांना कुणी पिंपभर पांढरी भुकटी घालत नाही."

पेचकस खाली पडला. तो उचलायला ते वाकले आणि जरा जास्तच वेळ वाकून राहिले. दारात आई येऊन उभी होती.

"सांगा ना तिला," आई म्हणाली.

"तू गप्प बस."

"आजवर गप्पच बसले. हातगाडीच्या चाकाचा आवाज मी ऐकला होता. तुम्ही म्हणालात, भंगार आहे. मी म्हटलं, असेल भंगार." टोपली अजून तिच्या कमरेवरच होती. "पण भंगार पुरून आलेला माणूस कपडे अंगणात जाळतो का?"

अण्णा खुर्चीत मागे टेकले. रेडिओच्या उघड्या पोटाकडे बघत ते बोलायला लागले. नोकरीत वरिष्ठांना माहिती देताना बोलत असतील तसे, सरळ, एकामागून एक.

बंदी आली तेव्हा हुकूम निघाला होता, की उरलेला साठा सील करा, मुख्य गोदामाची गाडी येऊन घेऊन जाईल. सगळ्याच गोदामांना हुकूम एकच. गाडी आली नाही. अण्णांनी विचारणा केली, पुन्हा केली, मग साहेबांकडे जाऊन बसले. साहेब म्हणाले, "अहो, तुम्हीच बघा काय ते." मग गोदाम पाडून तिथे बालवाडी बांधायचं ठरलं. कंत्राटदाराची माणसं येऊन भिंती मोजायला लागली. पिंपं खालून गंजलेली होती.

"बालवाडी, कळलं का?" अण्णा म्हणाले. "पोरं येणार होती तिथे. मी ती तशीच टाकून आलो असतो तर कुणी मला विचारलंही नसतं. कागदावर साठा शून्य दाखवून साहेब केव्हाच मोकळे झाले होते. मी आणली. खोल खड्डा केला, वर चुना टाकला. मला वाटलं, पुरलं म्हणजे संपलं. माणूससुद्धा पुरला की मातीच होतो."

"ही भुकटी होत नाही, अण्णा."

"ते आता तू सांगतेस. तेव्हा मला सांगायला कोण होतं?"

 रागवायचं ठरवूनच ती आली होती, आणि राग ठेवायला आता जागाच सापडत नव्हती. तरी तो होताच. आईच्या कमरेवरच्या त्या हिरव्यागार शेंगांकडे बघून तो उसळून वर येत होता.

संध्याकाळी भाऊ कामावरून आला. सगळं ऐकून त्याने आधी लेकीला जवळ घेतलं आणि मग बहिणीवर उखडला. "ताई, आपलेच दात आणि आपलेच ओठ. खात्याला कळवलंस की उद्या दारात गाड्या उभ्या राहतील, सगळ्या गल्लीत बोभाटा होईल. या वयात अण्णांना चौकशीला बसवणार तू? मी माणसं आणतो, गुपचूप उपसून टाकू."

"उपसून कुठे टाकणार?"

त्याने लेकीला आणखी जवळ ओढलं.

"पुन्हा कुणाच्या तरी परसातच ना?" ती म्हणाली. "आणि प्रश्न आपल्याच परसाचा असता तर एक वेळ गोष्ट वेगळी. जमीन कुठल्या बाजूला उतरते ते बघ."

सगळ्यांनी एकदमच खिडकीबाहेर पाहिलं. जमीन कुंपणापलीकडे शिवणवाल्या काकूंच्या घराकडे उतरत होती. काकूंच्या दारात हातपंप होता. नळाच्या पाण्याला लोखंडाची चव येते म्हणून त्या प्यायला, स्वयंपाकाला पंपाचंच पाणी वापरत. गल्लीतली निम्मी लेकरं खेळून दमली की त्याच पंपाला तोंड लावत. ती स्वतःही लहानपणी लावायची.

"मी सांगतो शेजारच्या वहिनींना," अण्णा म्हणाले. "खात्याच्या माणसांच्या तोंडून कळायला नको."

भाऊ काहीतरी बोलणार होता. आईने नुसता हात वर केला आणि तो गप्प झाला.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी स्वच्छ सदरा घातला. बटणं आईने लावून दिली. लेक त्यांच्याबरोबर गेली.

शिवणवाल्या काकू मशीनवर होत्या. पायाखाली कापडाच्या कातरणांचा ढीग, भिंतीवर अर्धवट शिवलेले गणवेश टांगलेले. त्यांचे यजमान अण्णांचे दोस्त होते. ते गेल्यालाही बरीच वर्षं झाली होती. पोटाच्या दुखण्याने गेले. दारातून आत शिरताना तिला ते आठवलं आणि तिने तो विचार मागे ढकलला. त्याचा याच्याशी संबंध असेलच असं नाही, हे शास्त्रज्ञ म्हणून तिला ठाऊक होतं. नसेलच असंही नाही, हेही ठाऊक होतं.

"अगं बाई, भाऊजी! आज वाट कशी चुकलात? आणि लेकीला घेऊन? बसा, बसा." काकूंनी खुर्चीवरचे कपडे उचलले, लगबगीने आत गेल्या आणि पाण्याचे दोन पेले घेऊन आल्या. पेले गार होते, बाहेरून दव धरलेलं.

"वहिनी, आधी माझं ऐकून घ्या," अण्णा म्हणाले.

त्यांनी काहीही न लपवता सांगितलं. साहेबांचं नाव पुढे केलं नाही, बालवाडीचंही सांगितलं नाही. फक्त काय पुरलं, कुठे पुरलं आणि पाणी कुठे वाहतं एवढंच. काकूंचा पाय मशीनच्या पट्टीवर तसाच टेकलेला होता. सगळं ऐकून झाल्यावर त्या तिच्याकडे वळल्या.

"तू शिकलेली आहेस. आमच्या पाण्यात आहे का ते?"

"माहीत नाही, काकू. आज पाणी घेऊन जाणार आहे तपासायला. तोवर पिऊ नका. स्वयंपाकालाही नको."

"तोवर," काकू म्हणाल्या. "आणि मागचं? इतकी वर्षं प्यायले त्याचं काय करू?"

 अण्णांनी समोरचा पेला उचलला. थोडं पाणी सदऱ्यावर सांडलं. "अण्णा, नको," ती पटकन म्हणाली. तिच्या तोंडून निघून गेलं आणि ते किती वाईट ऐकू आलं हे तिला लगेच कळलं. काकूंनी तिच्याकडे पाहिलं. ती नजर तिच्या कायम लक्षात राहिली.

अण्णांनी पेला ओठाला लावला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं. घोट घोट, न थांबता. मग रिकामा पेला खाली ठेवला.

"असं पाणी पिऊन काही फिटत नाही, भाऊजी," काकू म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "पेल्यात काय आहे हे माहीत असून प्यालात तुम्ही. मला ते माहीत असायची सोय नव्हती. जा आता. मला गणवेश द्यायचेत आज."

मशीन सुरू झालं. ते दोघं बाहेर पडले. पंपाखाली तिने बाटली भरली आणि झाकण दोनदा घट्ट केलं.

*

खात्याची माणसं आली ती पांढरे अंगरखे, तोंडाला मुखवटे, हातात जाड मोजे अशा वेषात. शेड पाडली. आईचा वाटाणा, कोबी, भोपळ्याचा वेल, सगळं मुळासकट उपटून पिशव्यांत भरलं गेलं. आई स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहून बघत होती. तिला आत चल म्हणायची कुणाची हिंमत झाली नाही. गल्लीतले लोक कुंपणापाशी जमले. कुणी म्हणालं, या म्हाताऱ्याने सगळ्यांना मारायला काढलं होतं. कुणी म्हणालं, अहो, साधा सरळ माणूस तो, त्याला काय कळतंय. अण्णांनी दोन्ही ऐकलं. त्यांना दुसरं जास्त लागलं.

पिंपं निघाली ती तळ गेलेली. एक तर नुसत्या कड्यासारखं हातात आलं. भोवतालची माती चिकट, राखाडी झालेली.

काकूंच्या पाण्याची तपासणी तिने दुसऱ्या प्रयोगशाळेतून करून आणली. घरचं प्रकरण म्हणून आपण स्वतः करायची नाही, हे तिने चष्मिसला आधीच सांगून ठेवलं होतं. भुकटी पाण्यात होती. फार नाही, पण मर्यादेच्या वर. पंपाचा दांडा काढून नेण्यात आला. काकूंची तपासणी झाली, डॉक्टर म्हणाले आज तरी काही दिसत नाही. "आज तरी" हे दोन शब्द काकूंनी घरी येईपर्यंत कितीदा घोकले असतील कोण जाणे. त्यानंतर त्या आईशी कुंपणावरून बोलत, पण अण्णा अंगणात आले की आत जात. अण्णा मग अंगणात जायचेच बंद झाले.

भाऊ काही दिवस तिच्याशी बोलला नाही. मग एके दिवशी लेकीच्या रक्ततपासणीचा कागद घेऊन प्रयोगशाळेत आला, समोर बसला आणि म्हणाला, "ताई, नीट समजावून सांग. मला काही कळत नाही यातलं." तिने शेजारी बसून ओळ न् ओळ समजावली. जिथे स्वतःला माहीत नव्हतं, तिथे माहीत नाही म्हणून सांगितलं. तो जाताना दारात थांबला. "तू बरोबर होतीस," म्हणाला, पण तसं म्हणताना त्याला काही आनंद झाला नव्हता, आणि ऐकताना तिलाही नाही.

अण्णांना चौकशीला बोलावलं. तिथल्या तरुण अधिकाऱ्याने विचारलं, "त्या वेळी तुमच्यासारखी गोदामं आणखी किती होती?"

ती शेजारीच बसली होती. तिने अण्णांकडे पाहिलं. हा प्रश्न तिला का सुचला नव्हता? सगळ्याच गोदामांना हुकूम एकच, हे तर त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आणि गाडी कुठेच गेली नसणार.

"बरीच होती," अण्णा म्हणाले. "सगळ्यांची नावं मला तोंडपाठ आहेत. काही जण गेले. जे आहेत ते तुमच्यापाशी बोलायचे नाहीत, साहेब. सरकारी माणूस बघितला की कानांवर हात ठेवतील. मला जाऊ द्या आधी."

पहिला गोदामपाल दोन तासांच्या अंतरावर, मुलीकडे राहत होता. तिने गाडी चालवली. वाटेत अण्णा एकदाच बोलले. "तुझ्या आईला नवीन माती आणून देता येईल का गं? कुंड्यांपुरती?" ती म्हणाली, बघते.

म्हातारा दारातच बसला होता. त्याने अण्णांना लगेच ओळखलं, खांद्यावर थाप मारली, "अरे, अजून आहेस का तू!" म्हणून हसला. अण्णा हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "तुझी गाडी आली होती का रे?"

म्हाताऱ्याचं हसू ओठांवरच राहिलं, डोळ्यांतून मात्र गेलं. त्याने आधी अण्णांच्या लेकीकडे पाहिलं, मग तिच्या हातातल्या नमुन्याच्या पिशव्यांकडे. आतून कुणाच्या तरी ताटल्या मांडण्याचा आवाज येत होता.

"ही कोण?" त्याने विचारलं.

"माझी मुलगी. माती बघते."

 म्हातारा काठी टेकवत उठला, पायांनी वहाणा चाचपल्या. "इथे नाही," तो हळू आवाजात म्हणाला. "लांब पुरलंय. माझ्याने आता तिथवर चालवत नाही. गाडीत जागा आहे का?"

तिने मागचं दार उघडून धरलं.